कोकणातल्या रस्त्यांसाठी उंच गाडी की बसकी?

गाडी घ्यायची म्हटली की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "कोकणात राहतोस ना, मग उंच गाडीच घे." मलाही तोच मिळाला, आणि देणारे सगळे अनुभवी होते. तरी मी बसकी हॅचबॅक घेतली. तिला आता तीन पावसाळे झाले. मेहुण्याकडे उंच, छोट्या एसयूव्हीच्या वर्गातली गाडी आहे आणि गणपती-शिमग्याला आमची अदलाबदल चालते, त्यामुळे एकाच रस्त्यांवर दोन्ही भरपूर चालवल्या आहेत. नावं लिहीत नाही, कारण फरक कंपनीचा नाही, घडणीचा आहे.

आधी माझे रस्ते सांगतो. राहायला चिपळूण, घर गुहागर तालुक्यात आणि आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी दर दोन महिन्यांनी कराड. म्हणजे एका अंगाला मार्गताम्हाणे, शृंगारतळीचा वळणांचा रस्ता आणि शेवटी गावातला लाल रस्ता. दुसऱ्या अंगाला पोफळी मागे टाकली की कुंभार्ली घाट. कधीतरी मुंबईसाठी ६६ नंबरचा महामार्ग, आणि दापोलीकडच्या पाहुण्यांकडे जाताना धोपाव्याहून दाभोळला फेरीबोट.

महामार्गावर उंच गाडी सरस, हे मोकळेपणाने मान्य. काँक्रीटवर दोन्ही सारख्याच धावतात, पण जिथे काँक्रीट संपून गाडी जुन्या डांबरावर उतरते किंवा पुलाच्या तोंडाशी रस्ता खचलेला असतो, तिथे तिचं मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं. माझी गाडी अशा जागी एक मोठी उसळी घेते आणि मग स्थिरावते. ८०च्या वर गेलं की हा मऊपणा जाणवतो. खाडीवरच्या पुलांवर वारा आडवा लागला की मात्र बसकी गाडी कमी ढकलली जाते.

गावातल्या रस्त्यावर उंचीचा फायदा सरळ दिसतो. जांभ्याच्या रस्त्यावर चाकोऱ्या खोल जातात, मधे गवताचा उंचवटा राहतो आणि पहिल्या दोन जोरदार सरींनंतर आडवे चर पडतात. माझ्या गाडीची जमिनीपासूनची पोकळी १७० मिलिमीटरच्या आसपास, मेहुण्याची २००च्या जवळ. एकटा असलो तर अडचण येत नाही. पाच माणसं, डिकीत तांदूळ आणि नारळांची पोती असली की मागचा भाग बसतो आणि मोरीजवळ खालून खरवड ऐकू येते. तिथे सगळे उतरतात, मी गाडी पुढे नेतो, सगळे परत चढतात. दोन मिनिटांचं काम आहे. बेड्यापाशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, चिऱ्याची कडा लागायची, तिथे दोन घमेली काँक्रीट टाकून उतार करून घेतला, मग प्रश्नच मिटला.

फेरीबोटीबद्दल एक गैरसमज आहे, तो दूर करायला हवा. ओहोटीला जेट्टीचा उतार खालपर्यंत उघडा पडतो, ओला आणि शेवाळलेला. तिथे उंच गाडी सहज चढेल असं वाटतं. पण या वर्गातल्या बहुतेक उंच गाड्यांनाही जोर फक्त पुढच्या चाकांवर असतो, आणि चढावर भार मागे सरकतो. त्यामुळे घसरायची वेळ आली तर दोघी सारख्याच घसरतात. उंचीचा उपयोग बोटीच्या फळ्यावर नाक न घासण्यापुरता. मी जरा तिरकी घालतो, निघून जाते.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा निर्णय झाला ती. गाडी घेण्याआधीच्या गणपतीत मूर्ती आणायला मेहुण्याची गाडी नेली होती. गणपतीच्या शाळेपासून (मूर्ती घडवतात तिथून) घरापर्यंत जेमतेम चार किलोमीटर, सगळा उखडलेला रस्ता. शाडूची दीड फुटी मूर्ती पाटावर, पाट भाच्याच्या मांडीवर, शेजारी आई. मी पंधराच्या वेगाने चालवत होतो. डावं चाक खड्ड्यात गेलं की गाडी डावीकडे कलायची आणि लगेच उजवीकडे झटका द्यायची. आरशातून मला मूर्तीचा मुकुट दिसत होता, खिडकीकडे जायचा, परत आईच्या खांद्याकडे यायचा. भाच्याने दोन्ही हातांनी पाठीमागून मूर्ती धरून ठेवली होती. अर्ध्या वाटेवर आई म्हणाली, "बाबू, जरा थांबव रे, मळमळतंय." चार किलोमीटरमध्ये तिला गाडी लागली. दुसऱ्या वर्षी त्याच रस्त्याने माझी गाडी नेली. मूर्ती वर-खाली हलली, आडवी जवळजवळ नाही.

याचं कारण घडणीत आहे. उंच गाडीचं वजन वर असतं. वळणावर ती कलू नये म्हणून स्प्रिंग कडक ठेवतात आणि अँटी-रोल बार जाड घालतात. हा बार डावं आणि उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो. घाटात त्याचा उपयोग होतो, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो आणि अख्खी गाडी आडवी डुलते. त्यात सीट उंच. डोलकाठीवर चढलेल्या खलाशाला खाली उभ्या असलेल्यापेक्षा मोठा हेलकावा बसतो, तसंच डोक्याचं होतं. चालवणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, हातात स्टिअरिंग असतं आणि नजर पुढे. त्रास मागच्यांना.

कुंभार्लीत तर फरक आणखी उघड होतो. कराडला जाताना पूर्वी ओवा, आवळासुपारी, प्लास्टिकच्या पिशव्या अशी तयारी असायची. माझी गाडीही वळणावर कलते, कदाचित मेहुण्याच्या गाडीपेक्षा थोडी जास्तच, पण हळू कलते आणि तितकीच हळू सरळ होते. ट्रकांनी दाबून दाबून लाटा पाडलेल्या डांबरावर ती झटके देत नाही. आईला ते सोसतं. कोयनानगरला चहा घेऊन ती पुढे झोपते सुद्धा.

सगळ्याच उंच गाड्या अशा डुलतात असं मी म्हणणार नाही, काहींची सस्पेन्शन चांगली बसवलेली असते. तुमचं घर चढाच्या घाटीवर असेल, किंवा रोज पाच जणांना सामानासकट वाडीपर्यंत न्यायचं असेल, तर उंच गाडीच बरी. बसकी घेणार असाल तर वरच्या मॉडेलच्या मोठ्या अलॉय चाकांचा मोह टाळलेला चांगला. १८५/६५ आर १५ टायरची बाजू १२० मिलिमीटर उंच असते, तीच गाडी १९५/५५ आर १६ वर घेतली की १०७ उरते. गाडी दिसायला छान दिसते, पण खड्डा झेलणारं रबर १३ मिलिमीटरने कमी होतं.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर आटपू नका. विक्रेत्याला विनंती करून गाडी एखाद्या वाडीच्या रस्त्यावर न्या, चालवायला दुसऱ्या कुणाला बसवा आणि तुम्ही मागे बसा. शक्य असेल तर घरात ज्यांना गाडी लागते, त्यांनाही सोबत घ्या.