तेच वळण पुन्हा, की प्रत्येक वळण नवं?

मोटारसायकल चांगली हातात बसली आहे, वर्ष-दोन वर्षं मनसोक्त फिरवून झाली आहे आणि आता यात आणखी खोल उतरायचंय, अशा माणसासमोर साधारण तीन वाटा असतात. पहिली, खुल्या रस्त्यावरची भटकंती. दुसरी, सर्किट, म्हणजे शर्यतीसाठीच बांधलेला बंदिस्त ट्रॅक: आधी ट्रॅक डे, म्हणजे शर्यत न लावता तिथे गाडी चालवायचा दिवस, आणि मन रमलं तर शर्यत. तिसरी, रोड रेसिंग, म्हणजे गावातले आणि डोंगरातले नेहमीचे रस्ते वाहतुकीला बंद करून त्यांवर होणारी शर्यत. चालू वाहतुकीत मित्रांशी लावलेली चढाओढ मी या तुलनेत घेतलेलीच नाही. रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारबाबांनी त्या शर्यतीत नाव दिलेलं नसतं.

बहुतेक जण ही निवड वेगावरून करतात. निवांतपणा आवडतो तो लांबच्या प्रवासाला निघतो, वेग आवडतो तो सर्किटवर जातो. मला आधी विचारावासा वाटणारा प्रश्न वेगळा आहे: एकच वळण दिवसभरात चाळीस वेळा घ्यायला तुम्हाला आवडेल का? याचं मनापासून आलेलं उत्तर बाकीचे बरेच प्रश्न सोडवतं.

रस्ता

रस्त्यावरचं वळण कायम पहिल्यांदाच भेटतं, रोजच्या वाटेवरचंसुद्धा. काल कोरडं होतं, आज वरच्या झाडाचं पाणी ठिबकतंय. काल मोकळं होतं, आज आतल्या कडेला कुठल्याशा ट्रकमधून सांडलेली वाळू आहे. त्यामुळे रस्त्यावरचं कौशल्य मुख्यतः वाचण्याचं असतं. वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवायची. तो बिंदू पुढे पळत राहिला तर वळण उघडतंय, मूठ थोडी पिळायला हरकत नाही. तो जागीच थांबला किंवा तुमच्याकडे येऊ लागला तर वळण आवळतंय, वेग आत्ताच कमी करायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की अनोळखी घाटसुद्धा आधी माहीत असल्यासारखा उलगडत जातो. आणि हा आनंद चाळीसच्या वेगातही पुरेपूर मिळतो.

मी तर म्हणेन की तो मध्यम वेगातच मिळतो. तिसरा गिअर, ब्रेकला फारसा हात नाही, मूठ सोडली की इंजिनच गाडी आवरतंय, पुन्हा पिळली की वळणातून बाहेर ओढतंय. एका वळणाचा शेवट हीच दुसऱ्याची सुरुवात. अशी लय लागली की डोक्यातली बाकीची बडबड थांबते. आजूबाजूचं जग मात्र पूर्ण आत येतं. दरीत उतरताना गार हवेचा थर आधी गुडघ्यांना लागतो, मग छातीला. हेल्मेटची काच बोटभर उघडली की ओल्या मातीचा, कापलेल्या गवताचा, कुठेतरी पेटलेल्या चुलीचा वास येतो. मोटारीत बसून हे काहीच कळत नाही.

रस्त्यावर वेगाची मर्यादा कायद्याने ठरवलेली असतेच, पण भौतिकशास्त्रानेही ठरवलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर सरावलेल्या हाताने जोरात ब्रेक लावला तर ताशी ६० किलोमीटरवरून गाडी थांबायला साधारण १७-१८ मीटर लागतात. त्यात धोका दिसून बोटं हलेपर्यंतचा एक सेकंद धरला तर झाले ३५ मीटर. वेग दुप्पट, म्हणजे १२० केला की नुसत्या ब्रेकचं अंतर चौपट होतं. एका सेकंदाची दिरंगाई मिळवली की शंभर मीटर ओलांडले जातात. घाटाच्या वळणात शंभर मीटर पुढचं क्वचितच दिसतं. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, हा रस्त्यावरचा पहिला नियम, आणि तो पाळायचा तर गाडीची निम्मी ताकद तिथे वापरताच येत नाही.

सर्किट

ती उरलेली ताकद बाहेर काढायची जागा म्हणजे सर्किट. सगळे एकाच दिशेने चाललेले, समोरून कुणी येत नाही, वळणाबाहेर घसरत जायला मोकळी जागा, झेंडे घेतलेले मार्शल, तयार रुग्णवाहिका. पिवळा झेंडा दिसला की पुढे धोका आहे, ओव्हरटेक करायचं नाही. लाल दिसला की सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परतायचं. ट्रॅक डे ही शर्यत नसते. अनुभवाप्रमाणे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने वीसेक मिनिटांचं सेशन मिळतं. दिवसभरात पाच-सहा सेशन झाली तर तेच वळण सहज चाळीस वेळा समोर येतं.

एकच वळण जवळून बघू. सरळ पट्टा संपत आलाय. टाकीवर ओणवं झालेलं अंग उठवलं की वारा छातीवर धडकतो आणि तोच निम्मा ब्रेक लावतोय असं वाटतं. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर. पहिल्या क्षणी हलकेच, पुढचे शॉकअब्सॉर्बर दबेपर्यंत, आणि वजन पुढच्या टायरवर आलं की मग जोर. सुरुवातीलाच करकचून आवळलं तर वजन यायच्या आत चाक घसरतं. गिअर दोन खाली. नजर आधीच वळणाच्या आतल्या टोकाला पोचलेली. आतल्या बाजूची मूठ पुढे ढकलली की गाडी त्याच बाजूला कलते. ब्रेक एकदम सोडायचा नाही: टायरची पकड थांबणं आणि वळणं या दोघांत वाटली जाते, म्हणून गाडी जसजशी झुकेल तसतशी बोटं सैल होत जातात. मग सूटच्या गुडघ्यावर लावलेला प्लास्टिकचा तुकडा, स्लायडर, डांबराला खरवडतो आणि त्या आवाजावरून कळतं की किती झुकलोय. साधारण ४५ अंश झुकल्यावर टायरवर आडवा जोर गाडी आणि रायडर यांच्या एकूण वजनाइतकाच पडतो. मोटोजीपी या सर्किटवरच्या सर्वोच्च जागतिक मालिकेतले रायडर ६० अंशांच्याही पुढे जातात.

हे एका फेरीत जमत नाही. पुढच्या फेरीत ब्रेक दोन मीटर उशिरा, त्याच्या पुढच्या फेरीत नजर जरा लवकर वर. गवयाने एकच पलटा तासभर घोटावा तसा हा रियाज आहे आणि ज्याला घोटण्यात गोडी वाटते त्याच्यासाठी सर्किटसारखी दुसरी जागा नाही. रस्त्यावर चुकीची लाइन, म्हणजे वळणातून जायची वाट, घेऊनही माणूस वळणातून निघून जातो आणि चूक झाली हे त्याला कळतही नाही. सर्किटवर तीच चूक अडीच मिनिटांनी पुन्हा समोर उभी राहते. ट्रॅकवर शिकलेला माणूस रस्त्यावर बहुधा शांत होऊन परततो, हे मी खूप जणांत पाहिलंय. ब्रेकवर विश्वास बसलेला असतो आणि वेगाची भूक भागलेली असते.

शर्यत त्याच्या पुढची पायरी. तिथे वळण तुमचं एकट्याचं राहत नाही. आतून कुणीतरी चाक घुसवतं आणि ठरवलेली लाइन क्षणात सोडावी लागते. छाती इतकी धडधडते की पहिल्या दोन फेऱ्या नंतर आठवतही नाहीत. ज्यांना हे आवडतं त्यांना ते वेड्यासारखं आवडतं.

सर्किटवर पडायचं कधीतरी होतंच. टायर सुटून गाडी आतल्या बाजूला आडवी झाली तर रायडर घसरत जातो आणि अंगात नीट सूट असेल तर बहुतेकदा उठून चालायला लागतो. घसरलेलं मागचं चाक अचानक पकड घेतं तेव्हा मात्र तो हवेत फेकला जातो, आणि खांद्याचं हाड मोडणं हे रेसिंगमधलं नेहमीचं दुखणं आहे. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे. हौशी रायडरलाही तो आता मिळतो. जमत असेल तर एक्झॉस्ट बदलण्याआधी तो घ्यावा.

बंद रस्त्यावरची शर्यत

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही शर्यत १९०७ पासून होते आहे आणि १९११ पासून ती तिथल्या डोंगरी मार्गावर होते. एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची, वळणं दोनशेहून जास्त. इटलीतल्या मुजेल्लो सर्किटवर ती फक्त १५ आहेत. टीटीत घसरत जायला मोकळी जागा जवळपास नाहीच. घरांच्या भिंती, दगडी कुंपणं, दिव्यांचे खांब, फुटपाथच्या कडा. खाली ऊन आणि वर डोंगरावर धुकं असंही होतं. रायडर एकत्र सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने एकेक सोडतात आणि शर्यत घड्याळाशी असते. २०२३ मध्ये पीटर हिकमनने १६ मिनिटं ३६ सेकंदांत फेरी पूर्ण केली. सरासरी वेग ताशी २१९ किलोमीटर, तोही गावातली वळणं धरून.

मघाच्या प्रश्नाला इथे धार येते. सर्किटवर एक वळण दिवसात चाळीसदा भेटतं, इथे सरावाच्या एका संध्याकाळी दोन-तीनदाच. पण घ्यायचं असतं पूर्ण ओळखीच्या वळणाच्या वेगाने, तेही पलीकडचं दिसत नसताना. म्हणून रायडर वर्षानुवर्षं तो मार्ग पाठ करतात: कुठल्या घराच्या कोपऱ्याला गिअर खाली, कुठल्या उंचवट्यावर दोन्ही चाकं सुटतात. नवख्या स्पर्धकाची पहिली फेरी अनुभवी रायडरच्या मागून, बांधलेल्या वेगात होते. इतकी तयारी असूनही, याच मार्गावर होणारी मँक्स ग्रां प्री ही दुसरी शर्यत धरली तर, या मार्गावर आजवर अडीचशेहून जास्त स्पर्धकांनी जीव गमावलाय.

या शर्यतीबद्दल मला अपार आदर आहे. जोई डनलपने इथे २६ विजय मिळवले. त्यातले तीन २०००च्या जूनमध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात एस्टोनियातल्या एका रोड रेसमध्ये तो अपघातात गेला. पुढे २०२४ मध्ये त्याचा विक्रम मोडला तो त्याच्याच पुतण्याने, मायकेल डनलपने. दुसरीकडे जियाकोमो अगोस्तिनीकडे पाहा. टीटीत १० विजय, १५ विश्वविजेतेपदं. १९७२च्या टीटीत त्याचा मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती अपघातात गेला आणि अगोस्तिनी पुन्हा तिथे शर्यतीत उतरला नाही. १९७६ नंतर टीटी विश्व अजिंक्यपद मालिकेतूनही बाहेर पडली. उतरणारा आणि नाही म्हणणारा, दोघेही या खेळातले थोर रायडर. त्यामुळे टीटी टाळणं म्हणजे घाबरटपणा, असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका.

गाडी, खिसा आणि मागची सीट

रस्त्याला आरामशीर बैठक, रुंद हँडल, सामान बांधायची सोय आणि थंडीत-पावसातही पकड धरणारे टायर लागतात. शर्यतीचे टायर रस्त्यावर घालू नयेत. ते तापल्याशिवाय चिकटत नाहीत, म्हणून पिटमध्ये त्यांना ८० अंशांच्या आसपास गरम करणारी वेष्टनं गुंडाळतात. रस्त्यावर ते तेवढे तापणारच नाहीत.

सर्किटसाठी पहिली गाडी लहान घ्या, ३०० सीसीच्या आसपासची. लहान गाडीवर चूक लपवायला ताकद नसते, वेग टिकवायला शिकावंच लागतं. हा वर्ग हलका समजू नका. ॲना करास्को २०१८ मध्ये सुपरस्पोर्ट ३०० मध्येच जगज्जेती झाली, सर्किटवरच्या मोटारसायकल शर्यतींत एकेरी विश्वविजेतेपद मिळवणारी पहिली स्त्री. खर्च मात्र इथे भराभर वाढतो: टायर, ब्रेक पॅड, प्रवेश फी, पडल्यावर मोडलेले लिव्हर. रस्त्यासाठी काढलेला विमा ट्रॅकवर बहुधा चालत नाही, आधी कागद वाचून घ्या.

आणि मागच्या सीटवर कुणी असणार आहे का, हेही पाहा. रस्त्यावरचा आनंद दोघांत वाटता येतो. सर्किटवर मागची सीट रिकामीच राहते आणि घरचे दिवसभर पिटच्या कडेला वाट बघत बसतात. काहींच्या घरी हे चालतं, काहींच्या घरी त्यावरूनच हा छंद सुटतो.

कोणी काय निवडावं

चाळीस वेळा तेच वळण, हे ऐकूनच कंटाळा आला असेल तर रस्ताच तुमचा, आणि त्यात काही कमीपणा नाही. फक्त वर्षातून एकदा ब्रेकिंग आणि वळणांचं प्रशिक्षण घ्या, कारण आणीबाणीचा ब्रेक रस्त्यावर सहसा घोटून होत नाही.

ऐकताच डोळे चमकले असतील तर सर्किटवर जा, लवकर जा. घाटात गुडघा टेकवायची इच्छा होऊ लागलेल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे. दोन्हीची ओढ असेल तर दोन्ही करा, पण एकाची भूक दुसऱ्याकडे घेऊन जाऊ नका.

बंद रस्त्यावरच्या शर्यतीची स्वप्नं पडत असतील तर आधी काही वर्षं सर्किटवर शर्यती करा आणि घरच्यांशी आडपडदा न ठेवता बोला. त्यानंतरही ओढ तशीच असेल तर एकदा टीटी बघायला जा. शर्यत नसते तेव्हा तो मार्ग सगळ्यांसाठी खुला असतो. वेगमर्यादा पाळून, आपल्या गतीने त्यावरून फिरा. त्या भिंती हाताच्या अंतरावरून पाहिल्यावर बऱ्याच जणांना आपलं उत्तर तिथेच मिळतं.

पहिल्या ट्रॅक डेला सगळ्यात हळू गटात नाव द्या. आरसे काढा किंवा टेप लावून झाका, दिव्यांवर टेप लावा, टायरची हवा तिथल्या जाणत्या माणसाला विचारून कमी करा. कूलंट काढून साधं पाणी भरायला सांगितलं तर भरा, सांडलेलं कूलंट मागच्याला पाडतं. वेळ मोजणारं यंत्र घरीच ठेवा. दर सेशननंतर पाणी प्या आणि हाताची मूठ उघडून-मिटून बघा. पकड सैल पडली असेल तर शेवटचं सेशन सोडून द्या.