नाशिकला पावणेसात तासांचा हॉल्ट आणि नाशिकरोडचे रिक्षावाले काका (पाचपैकी चार स्टार)

आधी सांगते की हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीचा नाही, एका रिक्षाचा आहे. आम्ही भुसावळहून नारायणगावला निघालो होतो, मी आणि आई, मावसबहिणीचं लग्न. आता नारायणगावला रेल्वे नाही, म्हणून नाशिकरोडपर्यंत ट्रेन आणि तिथून पुणे हायवेने बस असा प्लॅन केलेला. ट्रेन सकाळी पावणेआठला टेकली आणि बस सुटायची अकराला, पण ज्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग होतं त्यांचा सकाळीच मेसेज, अकराची गाडी रद्द, अडीचच्या गाडीत बसवतो. म्हणजे जवळपास पावणेसात तास हातात, दोन बॅगा, आणि आईचा चेहरा असा की आता वेटिंग रूममध्ये बसून डबा खायचा आणि पेपर वाचायचा.

मी म्हटलं बसायचं नाही. नाशिकवरून आपण शंभर वेळा गेलोय पण नाशिक बघितलंय कधी?

स्टेशनबाहेर नेहमीचा गलका. त्र्यंबक करता का, शिर्डी करता का, वायनरी दाखवतो. एकाने तर बॅगच हातात घेतली. त्यात हे काका बाजूला रिक्षा पुसत उभे होते, मी जाऊन सरळ विचारलं की दोनपर्यंत परत बिटकोला, म्हणजे नाशिकरोडच्याच चौकात, बसपाशी सोडायचं, मधे काय काय होईल? तर ते म्हणाले, "ताई, त्र्यंबक डोक्यातून काढा, इथून तीसहून जास्त किलोमीटर जायचं, दर्शनाला रांग किती ते कोणी सांगू शकत नाही, गाडी चुकेल. पांडवलेणी, पंचवटी आणि भांडी बाजार करा. निवांत होतं." पंधराशे म्हणाले, बाराशेवर ठरलं, वेटिंगसकट. अ‍ॅडव्हान्स घेतला नाही. उलट स्वतःच म्हणाले की नंबर प्लेटचा आणि माझा फोटो काढून घरी पाठवून द्या, बॅगा माझ्या गाडीत राहणार आहेत. ही गोष्ट मला फार आवडली. बायकामाणसं एकटी असली की नेमकी हीच धाकधूक असते आणि ती त्यांनी आपणहून काढून टाकली.

मी मॅप लावून बसले होते, मॅप द्वारकेवरून दाखवत होता. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, द्वारका म्हणजे तो मोठा चौक जिथे मुंबई-आग्रा हायवे आणि पुणे रोड भेटतात आणि सकाळ-संध्याकाळ तिथे काय होतं ते नाशिककरांना विचारा. काकांनी रिक्षा विहितगावकडे वळवली, वडनेरवरून पाथर्डी गाव, पाथर्डी फाटा, आणि समोर डोंगर. रस्त्यात शेतंबितं लागली, आई खूश. रोज गाडी चालवणारा माणूस बरोबर असण्याचा हाच फायदा, कमी वेळात शहर बघायचं तर बघण्याच्या जागेपेक्षा मधला रस्ता जास्त खातो.

पांडवलेण्यांना पायऱ्या आहेत, आईचे गुडघे पासष्ट वर्षांचे, थांबत थांबत गेलो तर पंचवीस मिनिटं लागली. सकाळी लवकर गेलात तर सावलीतून चढणं होतं, नंतर ऊन लागतं. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध लेणी आहेत, 24 लेणी, डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. वेळ कमी असेल तर सगळी बघायच्या मागे लागू नका, 18 नंबरचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह, बघा, आणि 3 नंबरला जाऊन नीट उभे राहा. तिथे बाहेर दर्शनी भागात खाली सहा जण कोरलेत, खांद्यावर तुळया घेऊन, जणू अख्खं लेणं तेच उचलून उभे आहेत. आणि व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. एमपीएससीचा अभ्यास करताना पाठ केलेला, "त्रिसमुद्रतोयपीतवाहन", ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. तेव्हा फक्त मार्कांसाठी पाठ केलं होतं. समोर उभं राहिल्यावर आईला सांगितलं की हे राजाने स्वतःचं कौतुक नाही लिहिलं, तो गेल्यावर, त्याचा मुलगा पुळुमावी गादीवर असताना, गौतमीपुत्राच्या आईने, म्हणजे या बलश्रीने, लिहून घेतलंय, आणि त्यात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. आई काही बोलली नाही, अक्षरांकडे बघत राहिली, तिला ब्राह्मी कुठली वाचता येणार, मलाही येत नाही. मग हळूच म्हणाली, पोराचं सगळं नीट लिहून ठेवलं बाईने. तेवढ्यासाठी त्या पायऱ्या चढलेल्या वसूल.

खाली आलो तर काका गाडीपाशीच, बॅगा जागेवर. मिसळ खायची होती, त्यांनी एका साध्या ठिकाणी नेलं, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर तर्री, बाजूला पापड आणि दही. आईला तिखट चालत नाही म्हणून रस्सा वेगळा मागितला तर लगेच दिला. चांगली होती, पण मिसळीवर नाशिकमध्ये इतके जण लिहितात की मी इथेच थांबते.

आता तक्रार. मिसळीनंतर न विचारता रिक्षा एका मनुक्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. "फक्त बघा ताई, घ्यायची जबरदस्ती नाही." आत गेल्यावर मात्र दुकानदार पाकिटामागून पाकीट फोडून हातावर ठेवणार, मग रिकाम्या हाताने बाहेर पडायला आईला अवघड होतं, तिने अर्धा किलो घेतल्या आणि पुढे बाजारात तशाच मनुका बऱ्याच स्वस्त मिळत होत्या. वीस मिनिटं गेली ती वेगळी. हॉल्टवर असलेल्या माणसाची वीस मिनिटं म्हणजे खूप असतात. दुसरं, गाडी चालवताना फोन. दोनदा सांगितल्यावर बंद केला.

पंचवटीत त्यांनी रामकुंडापासून थोडं अलीकडे उतरवलं कारण आत गर्दी. गोदावरी इथे दक्षिणेकडे वळते म्हणून महत्त्व जास्त, अस्थी घेऊन आलेली माणसं पण तिथेच, आंघोळ करणारी पण तिथेच, कपडे धुणारी पण. पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, पूर किती आला ते नाशिकवाले त्याच्यावरून मोजतात, कमरेपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला असं. आम्ही गेलो तेव्हा पाणी त्याच्या पायाशीच होतं. तिथून काळाराम मंदिर चालत पाच-सात मिनिटं. काळ्या दगडाचं देऊळ, आत प्रशस्त आवार, बाहेर कितीही गोंगाट असला तरी आत शांत. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांनी इथेच प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला होता, दाराशी थोडं थांबून मग आत जा असं मला वाटतं, नुसतं दर्शन घेऊन चप्पल घालून पळण्यासारखी ही जागा नाही. सीतागुंफा आम्ही सोडली, आत वाकून उतरावं लागतं, आईला जमलं नसतं.

मग नदीच्या पलीकडे भांडी बाजार. इथे मी वेळेचा सगळ्यात चांगला उपयोग केला असं म्हणेन. आईला भाचीला द्यायला तांब्याचा हंडा हवाच होता, आमच्याकडे दोन दुकानं बघून नको म्हणाली होती. इथे गल्लीत शिरलं की ठोक्यांचा आवाजच कानात बसतो. आईने चार हंडे बोटाच्या पेराने वाजवून बघितले, एक बाजूला ठेवला, तळ उलटा करून ठोके बघितले, मग वजन करायला सांगितलं. भाव वजनावर, घासाघीस मजुरीवर. नाव घालून देतो म्हणाले, पंधरा मिनिटं. माणसाने हंडा मांडीत धरला आणि पातळ छिन्नीने टिकटिक करत, कुठेही आधी खडूने लिहून न घेता, काठाखाली आईचं नाव, मावसबहिणीचं नाव आणि तारीख घातली. आई पूर्ण वेळ वाकून बघत होती. "ऱ्हस्व आहे हो तो, दीर्घ नाही," असं मधेच सांगितलं, त्याने हात थांबवून मान हलवली आणि बरोबर घातलं.

एक वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन, ताई निघा. मला अजून कोंडाजीचा चिवडा घ्यायचा होता, तो पळत जाऊन घेतला. परत येताना पण द्वारका टाळली, नांदूर नाक्यावरून जेलरोडने थेट बिटको. एक पन्नासला पोचलो. पुण्याच्या गाड्या शहरातून सुटून नाशिकरोडवरूनच पुढे जातात, त्यामुळे परत मेन स्टँडला जायची गरज नाही हे लक्षात ठेवा. बस अडीचची तीनला आली. तोपर्यंत काका थांबले, हंडा वरच्या रॅकवर नको, पायाशी ठेवा म्हणून आईला सांगत होते.

कोणाला असाच पाच-सहा तासांचा हॉल्ट असेल तर रिक्षा तासांवर ठरवा, जागा तीनच्या वर नको, दुकानात थांबायचं नाही हे आधीच बोलून घ्या, आणि परत निघायची वेळ तुम्ही नाही, ड्रायव्हरला ठरवू द्या. सिंहस्थाच्या काळात मात्र हा प्लॅन चालणार नाही, तेव्हा पंचवटीत रिक्षा शिरणारच नाही.

एक स्टार मनुक्यांच्या दुकानासाठी आणि फोनसाठी कमी केलाय. पैसे देताना मी हे काकांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले बरोबर आहे ताई, मी विचारायला पाहिजे होतं. नंबर सेव्ह केलाय, परतीला रविवारी त्यांनाच बोलावलंय.