बंधारा घालायचा, वेल लावायची की मागे सरकायचं?

किनाऱ्याला लागून वडिलोपार्जित घर, भोवती माडांची वाडी आणि दर पावसाळ्यात समुद्राकडचे दोन-तीन माड आडवे. कोकणात असं घर असलेल्याला सगळे एकच सांगतात, दगड टाकून घ्या. ग्रामसभेतली मागणीही तीच, धूपप्रतिबंधक बंधारा. तो नकोच असं माझं म्हणणं नाही. पण पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, झाडी आणि घर मागे नेणं हेही पर्याय आहेत, आणि तिघांचा हिशोब वेगवेगळा आहे.

आधी एक पथ्य. ऑगस्टमध्ये घाबरून काही ठरवू नका. पावसाळी लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, दसऱ्यानंतर निवळलेला समुद्र तीच वाळू हळूहळू आणून टाकतो. ही देवघेव झाली. या मे महिन्यातली पुळण गेल्या मेपेक्षा अरुंद दिसली, आणि पुढच्या मेमध्ये आणखी अरुंद, तर ती धूप. घराच्या कोपऱ्यापासून वाळूच्या कड्यापर्यंत दोरी धरा आणि आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

कारणंही एकसारखी नसतात. १९०१ ते २०१८ या काळात जगभरची समुद्रपातळी सरासरी २० सेंटिमीटरने चढली. २००६नंतरचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर, म्हणजे गेल्या शतकाच्या पूर्वार्धाच्या दुपटीहून जास्त. एवढ्याने घर पडत नाही, पण उधाणाची लाट आता तेवढ्या उंचीवरून निघते. त्यात नद्यांवरच्या धरणांमुळे आणि खाडीतल्या वाळूउपशामुळे किनाऱ्याला नवी वाळूच कमी मिळते. शेजारी एखादी लांब जेटी झाली असेल तर तिच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू उपाशी राहते.

आता बंधारा. त्याच्या बाजूने मोठा मुद्दा हा की तो लगेच दिसतो आणि मागची जमीन खरोखर धरून ठेवतो. पण पुळण तो वाचवत नाही. उताराच्या वाळूवर लाट पसरून दमते. दगडावर आपटली की उलटी फिरते आणि पायथ्याची वाळू उकरून नेते. एखाद्या अमावास्येच्या ओहोटीला जुन्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाऊन पाहा. खळग्यात गुडघाभर पाणी साचलेलं असतं, खालचा दगड अर्धा वाळूत रुतलेला, वरचा पुढे कललेला. दगडांखाली गाळणीचं कापड आणि बारीक दगडांचा थर घातला नसेल तर मागची मातीही फटींतून निघून जाते. मग दोन-चार वर्षांनी पुन्हा दगड, पुन्हा निविदा. उद्घाटनाचा फलक मात्र ठणठणीत असतो.

शिवाय बंधारा संपतो तिथे शेजाऱ्याची वाडी सुरू होते, आणि लाट तिथे जास्त जोरात खणते. पुद्दुचेरीत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. ऐंशीच्या दशकात बंदराची भिंत झाली, उत्तरेकडे सरकणारी वाळू अडली आणि शहरासमोरची पुळण गेली. शहर वाचवायला दगड टाकले, तर झीज उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. २०१८च्या सुमारास पाण्याखाली कृत्रिम रीफ, म्हणजे लाटेचा जोर मोडणारा बांध, बसवल्यावर शहरासमोर पुन्हा वाळू धरली. पण ते काम सरकारनेच करायचं, ग्रामपंचायतीच्या ऐपतीतलं नाही.

पुळण गेली की नुसता देखावा जात नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला, होड्या वर घ्यायला, मासळी वाळत घालायला जागा लागते. वेळास-आंजर्ल्याकडे थंडीत अंडी घालायला वर चढणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासविणीला वाटेत दगड लागले तर ती तशीच माघारी फिरते.

झाडीचा पर्याय स्वस्त, पण धीराचा. मर्यादवेल, रावणाच्या मिशा, त्यामागे केवडा आणि उंडी. ही मंडळी वाऱ्याने उडणारी वाळू अडवून टेकाड रचतात, आणि वादळात तेच टेकाड आधी झिजतं, घर नंतर. सुरूवर मात्र एवढी भिस्त नको: जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची बनं आडवी झाली, आणि कडा खचू लागला की त्याची वरवरची मुळं टिकत नाहीत. या पर्यायाची अट एकच, पण कडक: मोठ्या भरतीलाही कोरडा राहणारा रुंद पट्टा हवा, आणि त्यावर गुरं व पर्यटकांच्या गाड्या नकोत. पाणी रोज भिंतीला लागत असेल तर वेल लावून उपयोग नाही.

कांदळवन हा वेगळा विषय. तिवर आणि कांदळ खाडीच्या चिखलात रुजतात. उघड्या पुळणीवर ती रोपं फोटोपुरती. खाडीकाठच्या घराला मात्र याहून चांगला शेजारी नाही, फक्त पाणी चढेल तसं त्यालाही मागे सरकायला जागा लागते. मागे पक्की भिंत असेल तर ते मधल्यामध्ये चेपतं.

मागे सरकण्याचं नाव काढलं की घरात भांडण होतं, साहजिकच आहे. केरळने ‘पुनर्गेहम’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आतल्या कुटुंबांना जागा आणि घर मिळून १० लाख देऊ केले; ओडिशात सातभाया हे गाव समुद्रात गेलं आणि तिथली कुटुंबं बागपातियाला हलवली गेली. दोन्हीकडे मच्छीमाराची अडचण तीच: होडी इथे आणि घर तिथे. पण तुमचीच वाडी मागे शंभर मीटर असेल तर हे गाव सोडणं नव्हे. नवी खोली, संडास, विहीर यापुढे मागच्या अंगाला घ्या. सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या सरकारी नियमांमुळे, पुढच्या बाजूला नव्या बांधकामाची परवानगी तशीही अवघडच.

माझं मत विचाराल तर पुळण रुंद असेल तिथे वेल लावावी आणि नवं काही पुढे बांधू नये. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, तिथे सरकायला मागच नाही; तिथे बंधारा मागण्यात चूक काही नाही. फक्त मागणीच्या अर्जात गाळणीचा थर, टोकं आत वळवणं आणि दरवर्षीची डागडुजी हे तीन शब्द आधी लिहा, आणि अर्जावर टोकापलीकडच्या शेजाऱ्याचीही सही घ्या.