सिगुर्ड पेर्सन : चांदी घ्यावी की काच?

चांदी आणि काच या दोन्हींत काम केलेले स्वीडिश कलाकार सिगुर्ड पेर्सन (1914–2003) यांची एकच वस्तू घेण्याइतके पैसे बाजूला पडले आहेत, पण चांदी की काच यावर घोडे अडले आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. स्वीडनमध्ये राहत असल्यामुळे मला दोन्ही घेता आल्या : आधी कोस्टा या काचकारखान्याची एक फुलदाणी, नंतर चांदीचे साखरेचे भांडे.

पेर्सन मूळचे सोनाराच्या घरातले. हेलसिंगबोर्गला वडिलांच्या हाताखाली धातू शिकून, पुढे म्युनिकला शिक्षण घेऊन त्यांनी 1942 मध्ये स्टॉकहोमला स्वतःची कार्यशाळा थाटली. दक्षिण स्वीडनच्या स्मोलांड भागातल्या कोस्टा कारखान्याशी त्यांचा संबंध आला तो 1968 पासून, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर. त्यामुळे असेल कदाचित, पण काचेत त्यांनी रंगाची जी मोकळीक घेतली, ती त्यांच्या शिस्तशीर चांदीत सापडत नाही. खिडकीत उन्हात ठेवलेली माझी फुलदाणी पाहून पाहुणे थांबतात. साखरेच्या भांड्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

तरीही माझे मन काचेवरून उतरले, ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. फुलदाणीचा गळा अरुंद आहे. दोन-तीन वर्षे फुले ठेवल्यावर तिच्या आत पांढरट धूसरपणा चढला आणि तिथे बोटही पोहोचत नाही. कोरडे तांदूळ घालून हलवून पाहिले, व्हिनेगर रात्रभर भरून ठेवले. थोडा फरक पडला, पण मूळची झळाळी काही परतली नाही. चांदीही काळी पडते, हे खरे. मात्र सणासुदीला देवाची भांडी घासत वाढलेल्या माणसाने त्याची तक्रार करू नये, असे मला वाटते. मऊ फडके आणि दहा मिनिटे पुरतात. फक्त रांगोळीने घासण्याचा मोह टाळावा, कारण ओरखडे कायमचे राहतात.

शिवाय स्वीडिश चांदीवर तीन मुकुटांच्या ठशाशेजारी वर्षाचे अक्षर असते, त्यावरून वस्तू कोणत्या वर्षाची ते कळते. माझ्या फुलदाणीच्या तळाची कोरीव सही वाचायला मात्र भिंग लागते.

चांदीची किंमत जड वाटत असेल, तर त्यांनी 1959 मध्ये एसएएस विमान कंपनीसाठी आखलेले ‘जेट लाइन’ काटे-चमचे पाहावेत. ते पोलादी आहेत, पण हात तोच. आणि रंगाचीच ओढ असेल, तर काच जरूर घ्यावी. फक्त उघड्या तोंडाचा वाडगा घ्यावा.