प्रेशर पॉटचे आठ महिने आणि झाकणाखालचा वायसर

मी जुन्या घड्याळाचे पार्ट रेझिनमध्ये, म्हणजे पातळ ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये, बसवून पेन करतो. मे महिन्यात एका रात्री साडेदहाला लाईट गेली ती पहाटे चारला आली. तेवढ्या वेळात प्रेशर पॉटच्या, म्हणजे दाबाने हवा भरलेल्या बंद भांड्याच्या, काट्यावरचा दाब तीन किलोवरून पाऊण किलोवर उतरला. आत साच्यात नानांचं एचएमटी जनता घड्याळ होतं, म्हणजे त्याचे ब्रिज (चाकांना धरणाऱ्या पट्ट्या), चाकं आणि बॅलन्स (मागेपुढे झुलणारं चाक), पेनाच्या पितळी नळीवर चिकटवून रेझिनमध्ये बुडवलेले. सकाळी झाकण काढलं तर चाकांच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे. त्या दिवशी मी शेडमधून लवकर घरात आलो आणि कुणाशी बोललो नाही.

पॉट ऑक्टोबरात घेतला. 10 लिटरचा, गाड्या रंगवणारे वापरतात तोच, 9,200 रुपयांना. घड्याळाच्या पार्टचे पेन करणाऱ्यांना तो कशाला लागतो हे ठाऊक आहे. तरी वायसराचं, म्हणजे झाकणाखालच्या रबरी कड्याचं, गाऱ्हाणं कळण्यासाठी एवढं लक्षात घ्या: पॉट बुडबुडे काढत नाही, दाबून बारीक करतो. काट्यावर तीन किलो म्हणजे बाहेरच्या हवेचा एक धरून चार. बुडबुडा पाव आकारमानावर येतो आणि दिसेनासा होतो. पण रेझिन घट्ट होईपर्यंत दाब टिकला पाहिजे. माझ्या एपॉक्सी रेझिनला 24 तास लागतात. त्याआधी दाब उतरला की बुडबुडे परत फुगतात. म्हणजे झाकण, स्क्रू, काटा, व्हॉल्व्ह कितीही चांगले असोत (आणि ते चांगले आहेत), सगळी भिस्त त्या रबराच्या कड्यावर.

आणि तेच कडं हलकं दिलंय. डिसेंबरात रात्रभरात पाव किलो दाब जायचा, मार्चात तासाभरात. साबणाचं पाणी लावलं की एकाच बाजूला फेस यायचा. कॉम्प्रेसरने मधूनमधून हवा भरून मी वेळ मारून नेत होतो. लाईट गेल्यावर तेही संपलं. विकणाऱ्याला तीनदा फोन केला, व्हिडिओ पाठवला. उत्तर एकच, “रबर झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही.” मग सुटं द्या म्हटलं, तर सुटं मिळत नाही, अख्खं झाकण घ्या, 2,600 रुपये. दीड-दोनशेच्या वायसरासाठी गिऱ्हाइकाला झाकण विकायचं, याची मला अजून चीड आहे.

इथपर्यंतचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं. त्यानंतर मार्चमधला एक वाया गेलेला ब्लँक (पेन कातण्याआधीचा रेझिनचा दांडका) करवतीने उभा चिरला, आणि थोडं मत बदलावं लागलं. वरचे बुडबुडे दाब उतरल्याचे होते. पण ब्रिजच्या खाली लांबट पोकळी होती, ती माझी चूक. ब्रिज सपाट, नळी गोल. मधल्या फटीत हवा अडकते. आता पार्ट चिकटवताना आधी खाली रेझिनचा पातळ हात देतो, आणि मोठा ब्रिज कापून दोन तुकड्यांत लावतो. काही पार्टांखाली चांदीसारखी चमक दिसत होती, ती जुन्या तेलाची. पेट्रोलमध्ये धुतल्यावरही तेल राहतं. दुसऱ्यांदा स्पिरिटमध्ये धुवावं लागतं. शिवाय 42 अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये कालवलेलं रेझिन वीस मिनिटांत दाट होत होतं, हवा वर यायला वेळच उरत नव्हता. आता पहाटे पाचला ओततो. एवढं केल्यावर निम्मे बुडबुडे गेले. उरलेले निम्मे वायसराचेच.

तो शेवटी मीच ओतला. साच्यासाठी आणलेलं सिलिकॉन उरलं होतं. झाकण उलटं ठेवलं, खाचेत सिलिकॉन ओतलं. पहिल्यांदा तळाशी चिकटच राहिलं, कारण खाचेत जुन्या रबराचा कीस होता. रबरातल्या गंधकाने प्लॅटिनमवालं सिलिकॉन जमत नाही. खाच पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसली, पुन्हा ओतलं. दुसऱ्या दिवशी दाब भरून झोपलो. सकाळी काटा तीनवर होता. 24 तासांनीही तीनवरच. खर्च 140 रुपये. इतका आनंद मला पॉट घरी आला तेव्हाही झाला नव्हता.

साचाही आता पॉटमध्येच दाबाखाली ओततो, नाहीतर सिलिकॉनमधले बुडबुडे दबतात आणि ब्लँकवर पुटकुळ्या येतात. पॉट महाग वाटला म्हणून घरातल्या कुकरवर कुणी प्रयोग करू नये. तो साधारण एक किलोचा असतो, तीन किलोसाठी बनलेला नाही.

नानांचा ब्लँक टाकला नाही. लेथवर उतरवत बुडबुडे उघडे केले, सुईने ताजं रेझिन भरलं, पुन्हा दाबाखाली ठेवला. जनताची 17 ज्वेलची मशीन चावीची आणि साधी, त्यामुळे चाकं सुटी आणि ठळक दिसतात. बॅलन्सजवळचा एक बुडबुडा उघडायचा तर चाक कापलं गेलं असतं, म्हणून तो राहू दिला. पेन ताईला दिला. ती अंगणवाडीच्या रजिस्टरवर त्यानेच लिहिते.

पार्टांसाठी लातूरच्या गंजगोलाईतल्या एका घड्याळवाल्या मामांकडे जातो. “आता चावी कोण देतंय भाऊ, न्या की पिशवीच,” म्हणतात. त्या पिशवीत परवा जुन्या विदेशी घड्याळाचे रेडियम लावलेले काटे निघाले. खऱ्या रेडियमचं अर्धआयुष्य 1,600 वर्षं. चमक विझते, किरणं थांबत नाहीत. असे काटे लेथवर कापू नका, त्याची धूळ श्वासात जाते. मी ते डबीत बंद करून वेगळे ठेवलेत.

पॉट घ्यायचा असेल तर दुकानातच झाकण उलटं करून वायसराची खाच बघा. खोल आणि सरळ असेल तरच घ्या.