एम्पायर टोटल वॉर: घोडदळ कधी सोडायचं, कधी आवरायचं

२००९ साली कम्प्युटरवर आलेला हा गेम २०२४ पासून मोबाइलवरही मिळतो. मोहीम १७०० सालापासून सुरू होते आणि मराठे घेऊन खेळता येतं. म्हणूनच नवा खेळाडू हटकून सगळं घोडदळ मोगलांच्या बंदुकांवर समोरून घालतो आणि निम्मे स्वार तिथेच गमावतो. घोडदळाचं हे गणित चोख बसवलंय, म्हणूनच गेम आवडतो.

बंदूकधाऱ्यांचा पल्ला गेमच्या मापाने ७० च्या आसपास. तेवढ्या अंतरात धावत्या घोड्यांना एक पूर्ण बार बसतोच. म्हणून आपलं पायदळ पुढे भिडवायचं, शत्रूचा बार त्याच्यावर काढून घ्यायचा आणि समोरचे बंदुका ठासत असताना बगलेतून किंवा पिछाडीवरून स्वार घालायचे. धडकेचा खरा जोर पहिल्या काही क्षणांतच असतो. मग लगेच मागे काढून पुन्हा घालायचं; तलवारबाजीत अडकलेलं घोडदळ फुकट मरतं. सैन्यात जास्तीत जास्त २० तुकड्या बसतात, त्यात चार स्वारांच्या पुरतात.

पायदळाकडे आधी संशोधनातून लक्ष द्या. 'रांगेने बार', म्हणजे रांगांनी आळीपाळीने गोळी झाडण्याचं तंत्र, येईपर्यंत फक्त पुढची रांग गोळी झाडते. नळीत ठोकायची संगीन लावली की गोळीबार बंद, म्हणून पुढची कड्याची संगीन लवकर घ्या. चौकोन, म्हणजे चारही बाजूंना संगिनी रोखून उभं पायदळ, स्वारांना हमखास अडवतो, पण हुकूम स्वार लांब असतानाच द्यायला हवा. माणसं जागा बदलत असताना घोडे आदळले की फळी फुटते. आणि स्वार निघून गेले की चौकोन लगेच मोडा. एका जागी दाटीने उभी माणसं तोफेला आयतीच सापडतात.

आपलेच स्वार आपल्या बंदुकांपुढून नेऊ नका, गोळ्या त्यांनाही लागतात. पानिपतावर गोलाची, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बांधून चालायच्या रचनेची, शिस्त सोडून स्वार पुढे घुसले आणि इब्राहिमखानाच्या गारद्यांचा मारा अडला, असं सांगतात. तो गोंधळ इथे हुबेहूब उभा राहतो.

कम्प्युटरची बुद्धी मात्र तोकडी आहे. त्याचा सेनापती बऱ्याचदा एकटाच आपल्या फळीवर चालून येतो. किल्ल्यांचे वेढे तर कंटाळवाणे. सैनिक भिंतीपाशी अडकून राहतात.

लोकलमध्ये उभ्याने मोहिमेचा नकाशा आरामात खेळता येतो. लढाईला दोन्ही हात लागतात, तेव्हा ती बसायला जागा मिळाल्यावरच सुरू करा. लढाई थांबवून हुकूम देता येतात, त्यामुळे दादरची गर्दी घुसली तरी फळी बिघडत नाही.