सोर्समधून ओएस बिल्ड करायचीय: एलएफएस, जेंटू का फ्रीबीएसडी?

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतला एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला, आठवडाभर मागं लागलाय, दादा सोर्सपासून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाईल करून, ओएस बिल्ड करायचीय, एलएफएस, जेंटू, फ्रीबीएसडी यातलं कुठलं घेऊ? लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, ४ कोर. त्याला तोंडी सांगून झालं, पण अजून दोघांनी तेच विचारलं म्हणून इथं टाकतोय.

अवघड कुठलं हे विचारूच नका, कमांड तर तिन्हीकडं लिहून दिलेल्याच असतात. खरा फरक म्हणजे एवढ्या सोर्सचा पसारा कोण सांभाळणार, तुम्ही, एखादा प्रोग्राम, का प्रोजेक्टवाले स्वतः.

एलएफएस म्हणजे लिनक्स फ्रॉम स्क्रॅच, यात सगळं तुमच्या अंगावर. ही डिस्ट्रो (तयार लिनक्स) नाहीच, १९९९ पासून चालत आलेलं पुस्तक आहे. चालू लिनक्सवर (हा होस्ट) बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर) आणि जीसीसी (कंपायलर) बिल्ड करायचे, मग कर्नल हेडर, जीलिबसी (सी लायब्ररी), मग सीएचरूट करून, म्हणजे नव्या सिस्टीमचं फोल्डरच रूट धरून, आत जायचं आणि तेच बिनयुटिल्स-जीसीसी परत बिल्ड करायचे. परत कशाला, तर आधीचा कंपायलर होस्टच्या लायब्ररींवर टेकलेला असतो आणि नव्या सिस्टीमला होस्टचा वाससुद्धा लागता कामा नये. वेळ पण मिनिटांत सांगत नाहीत, बिनयुटिल्सच्या पहिल्या बिल्डला तुमच्या मशीनवर लागेल तो १ एसबीयू (स्टँडर्ड बिल्ड युनिट), बाकी सगळं त्या मापात. मी एकदा लाईट गेल्यावर परत सुरू केलं आणि एलएफएस नावाचा व्हेरिएबल (नवी सिस्टीम कुठल्या फोल्डरात ते सांगणारा) सेट करायचा विसरलो, वर शहाणपणा करून रूट लॉगिनच वापरत होतो, सगळी फाईल होस्टवरच जाऊन बसली 😅 म्हणून पुस्तक वेगळा युजर करायला सांगतं तो करा. पॅकेज मॅनेजर (प्रोग्राम टाकणारा, अपडेट करणारा) नाही, उद्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधे भोक निघालं की बुजवायचं तुम्हीच.

जेंटू ही लिनक्स डिस्ट्रो, यात पसारा पोर्टेज नावाचा पॅकेज मॅनेजर बघतो. आपल्या सांगलीच्या भाषेत, एलएफएस म्हणजे हळद उकडण्यापासून वाळवण्यापर्यंत सगळं घरी, आणि जेंटू म्हणजे तयार हळकुंड गिरणीत नेऊन बारीक का जाड ते सांगायचं. ते सांगायची जागा म्हणजे यूज फ्लॅग, ब्लूटूथ नको असेल तर त्याचा कोड कंपाईलच होत नाही. मेकऑप्ट्समधे (एकावेळी किती कंपाईल जॉब चालवायचे ती सेटिंग) एका जॉबला २ जीबी रॅम धरा, म्हणजे ८ जीबीवर ४ च्या वर जाऊ नका, नाहीतर स्वॅपमधे (रॅम संपल्यावर डिस्क वापरतात ते) अडकून माऊससुद्धा हलणार नाही. लाईट गेली तर पोर्टेजच्या इमर्ज रिझ्यूम कमांडनं उरलेली यादी पुढं चालते, अर्धवट राहिलेलं पॅकेज तेवढं पहिल्यापासून. ब्राउझर मात्र बायनरी, म्हणजे आधीच कंपाईल केलेलाच घ्या, उन्हाळ्यात सांगलीत लॅपटॉप रात्रभर तापवण्यात काय शौर्य नाही. डिसेंबर २०२३ पासून तर अधिकृत बायनरी पॅकेजं भरपूर मिळतात.

फ्रीबीएसडी ही लिनक्स नव्हे, वेगळी युनिक्ससारखी ओएस, यात पसारा प्रोजेक्टवालेच सांभाळतात, आणि मला मांडणीसाठी हेच सगळ्यात आवडतं. कर्नल, सी लायब्ररी, एलएस-सीपीसारख्या कमांड, सगळं एकाच गिट झाडात (सोर्स रिपॉझिटरीत). मेक बिल्डवर्ल्ड (कर्नल सोडून बाकी सगळं), मेक बिल्डकर्नल, मग आधी इन्स्टॉलकर्नल, रीबूट, त्यानंतर इन्स्टॉलवर्ल्ड. हा क्रम उलटा करायचा नाही, कारण नवा कर्नल जुने प्रोग्राम चालवून घेतो पण नव्या प्रोग्रामना जुन्या कर्नलमधे नसलेले सिस्टीम कॉल लागू शकतात. बिल्डवर्ल्डमधे सगळ्यात जास्त वेळ क्लँग-एलएलव्हीएम हा कंपायलर खातो, तिथं अडकलंय असं वाटून बंद करू नका. फायरफॉक्स वगैरे या झाडात नसतं, ते पोर्ट्स, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामच्या संग्रहातून, वेगळं. आणि लॅपटॉपचं वायफाय कार्ड चालतंय का ते आधी बघा, नाहीतर मोबाईलची यूएसबी टिदरिंग करत बसाल.

त्या पोराला मी सांगितलं, आधी फ्रीबीएसडी व्हीएममधे (व्हर्च्युअल मशीनमधे), एकदा बिल्डवर्ल्ड कर आणि सोर्सचे फोल्डर उघडून बघ कुठं काय ठेवलंय. मग सुट्टीत एलएफएस, ते पण एकदाच. रोजच्या लॅपटॉपवर सोर्सवालंच पाहिजे असं मनात बसलंच असेल तर जेंटू, पण सबमिशनच्या आठवड्यात अपडेट मारायचं नाही. आणि व्हीएमला ५० जीबी डिस्क तरी दे म्हटलं, पोरानं २० दिलेत.